लेकीचा पंप

दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या टेबलाशी नर्सबाई एका गृहस्थांना दम्याचा पंप शिकवत होत्या.

"नीट हलवा. नळीला लावा. आता दाबा, आणि लेकीला सावकाश श्वास घ्यायला सांगा."

"असं?"

"छान. पण ती कुठंय? तिच्यासमोरच दाखवलं असतं."

"आईकडे असते. आम्ही वेगळे राहतो."

"बरं."

"माझ्याकडे राहायला पाठवत नाही. दम लागला तर तुला काय कळणार, म्हणते. खोटं नाही तिचं. परवा म्हणाली, शिकून घे, मग सुट्टीत पाठवते."

"मग जमलं की तुम्हाला!"

"परत एकदा करतो. लेक समोर असताना चुकायला नको."

"नंतर तिला चूळ भरायला लावा. आराम पडला नाही, तर तडक दवाखाना गाठायचा. आणि तुम्ही घाबरायचं नाही. तिला मांडीवर घ्या, पाठीवरून हात फिरवा."

"मांडीवर बसेल ती?"

"न बसायला काय झालं? बाबाच ना तुम्ही?"

"गेल्या वेळी भेटली, तेव्हा मला 'तुम्ही' म्हणाली."

"आधी काय म्हणायची?"

"ए बाबा."