कट म्हणायचं राहिलं

नोरीन : आता आवाज लावून ऐक.

ग्रेडी : अगं, मार्लिस येईल इतक्यात. आधी तिच्या डबिंगची तयारी तरी...

नोरीन : तीच करत होते सकाळपासून! तिला श्वास जुळवायला कानात शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज सोडायचा ना? तो शोधून काढला आणि या तुकड्याला लावला. पहिल्यांदाच लावला मी. ऐक तू पण.

ग्रेडी : मला नाही ऐकायचं.

नोरीन : का बरं? इतका लाडका तुकडा आहे तुझा. सगळ्या सिनेमात भारी म्हणतोस.

ग्रेडी : नोरीन, प्लीज.

नोरीन : त्यात तुझाच आवाज आहे, ग्रेडी.

ग्रेडी : माहीत आहे मला.

नोरीन : "मार्लिस, जरा बाजूला येतेस? डुलुथहून तुझ्या आईचा फोन होता. बाबा गेले गं." हे माहीत आहे तुला?

ग्रेडी : मीच बोललोय. माहीत नसेल कसं?

नोरीन : आणि इतके महिने या खुर्चीत बसून, माझ्या हातची कॉफी ढोसत, हा तुकडा माझ्याकडून पुन्हा पुन्हा लावून घेत होतास! थोबाड कसं नाही फुटलं रे तुझं?

ग्रेडी : आधी मला वाटलं, तुला माहीत आहे.

नोरीन : मला? मी सिनेमा आवाज बंद करून कापते-जोडते, हे या गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. आवाज ऐकला की डोळे आळशी होतात. चेहरा मुका असताना जे सांगतो, तेच खरं, असं मानून जन्म काढला मी. घे! काय सांगितलं चेहऱ्याने? मी वाचलं काय?

ग्रेडी : त्यात तुझा दोष नाही.

नोरीन : तू नको वाटू दोष. कॅमेरा चालू कसा होता, ते सांग.

ग्रेडी : मी कट म्हणायचं विसरलो.

नोरीन : विसरलास?

ग्रेडी : टेक संपत आला होता. कोणीतरी मागून येऊन माझ्या कानात सांगितलं. मला एवढंच सुचलं, की तिला हे फोनवरून नको कळायला, परक्या माणसाकडूनही नको. म्हणून मी उठलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो तिच्याकडे. मी कट म्हटल्याशिवाय कॅमेरावाला थांबत नाही, माझाच नियम आहे तो. आईशप्पथ, तेव्हा डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नोरीन : तेवढं मानते मी. त्या दिवशी तू माणसासारखा वागलास. नंतर?

ग्रेडी : नंतर तू मला सुरुवातीचा प्रसंग दाखवलास. त्यात तो चेहरा बघून मला तिथे थांबवेना. खरंच. बाहेर जाऊन पायरीवर बसलो होतो, आठवतंय?

नोरीन : मला वाटलं, भारावून गेलास! मी हातातलं सँडविच टाकून नाचले होते रे इथे!

ग्रेडी : म्हणूनच बोललो नाही. म्हटलं, उद्या सांगू. मग सिनेमात पैसे घातलेल्या कंपनीची माणसं बघायला आली. दिवे लागले तेव्हा त्यांच्यातली ती जाड चष्म्याची बाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. त्याच दिवशी ठरलं, की सिनेमा थिएटरात लावायचा. नाहीतर गुपचूप कुठेतरी ऑनलाइन टाकून देणार होते. माझे आधीचे दोन्ही सिनेमे आपटलेत, नोरीन. हा पडला तर मला कोणी लग्नाचं शूटिंगसुद्धा देणार नाही.

नोरीन : म्हणून पोरीचा बाप वापरलास.

ग्रेडी : असं म्हणू नकोस.

नोरीन : मग कसं म्हणू? तूच सांग, सिनेमा लिहिणाराही तूच ना?

ग्रेडी : पण तो चेहरा काढला तर उरतं काय? तूच म्हणाली होतीस. बाई बाजार करून येते. सामान लावते. घरात एकच कप, एकच ताट. खाली तळघरात वॉशिंग मशीन घरघरतंय. ते आपल्याला ऐकू येतं, पण लक्ष कोण देतंय? कुठल्या घरात चालू नसतं? आणि मशीन बंद पडतं. ती वळते. तिचा चेहरा बघून आपल्याला कळतं, की ते तिने लावलेलंच नव्हतं. ना रक्त, ना सुरा, ना संगीत. सगळा डोलारा त्या एका चेहऱ्यावर उभा आहे.

नोरीन : मलाच शिकव. चेहरा आधी दाखवायचा, कारण मागाहून. मध्ये जी पोकळी राहते, तिच्यात बघणारा स्वतःची भीती ओततो. हे मी फिल्म कॉलेजात जाऊन पोरांना सांगते. तुकडासुद्धा हाच दाखवला, छाती फुगवून! "बघा रे, खरी भीती अशी दिसते." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही घाबरलेली वाटत नाहीये." मी काय म्हणाले असेन?

ग्रेडी : काय?

नोरीन : "तुझी नजर अजून तयार व्हायची आहे." देवा रे. कुठे तोंड लपवू मी?

ग्रेडी : दुसरे टेक आहेत ना?

नोरीन : बदलतेच आहे. त्यातल्या त्यात बरा आहे तो टाकते. मूळ आवाजही त्याचाच सोडते तिच्या कानात. विचार कर, मी आज ऐकलं नसतं तर? पोरगी हेडफोन लावून उभी राहिली असती आणि तुझा आवाज...

ग्रेडी : पुरे. समजलं.

नोरीन : आली वाटतं. तोंड नीट कर.

मार्लिस : आत येऊ का? अय्या, काय अंधार करून बसलाय! नोरीन, तुमच्यासाठी लिंबं आणलीत, अंगणातल्या झाडाची. यंदा नुसतं लगडलंय. ग्रेडी, तूसुद्धा आहेस? मला वाटलं, तू मला टाळतोस.

ग्रेडी : छे गं. काम होतं. कामच...

मार्लिस : फोन केले, निरोप ठेवले. शेवटी म्हटलं, जाऊ दे, माझं काम आवडलं नसेल त्याला. बाबांसाठी घेतलेल्या सुट्टीवरून परत आल्यावर मी जरा वेंधळीच झाले होते ना. तेच पडद्यावर दिसत असणार.

ग्रेडी : नाही. तुझं काम... तसं काही नाही.

नोरीन : बस इथे. आधी प्रसंग बघून घे, मग पलीकडे जाऊन माइकवर श्वास देऊ. फ्रिजच्या आवाजाने तुझे सगळे श्वास खाल्लेत.

मार्लिस : मी अजून एक फ्रेमही बघितलेली नाही, माहितीये? आईला सांगितलंय, एकदम पहिल्या खेळाला तुझ्या शेजारी बसून बघणार. आई विमानाने यायला तयार झालीये! आई-बाबा दोघंही असले भीतीचे सिनेमे बघायला मोठे हौशी. बाबा सगळा वेळ बोटांच्या फटीतून बघायचे आणि आईला विचारायचे, "झालं का? झालं का?"

नोरीन : ग्रेडी, ऐकतोयस ना?

ग्रेडी : ऐकतोय.

नोरीन : लावते. सामान लावते आहेस तू... आता मशीन बंद पडतं... आणि तू वळतेस. एवढंच.

मार्लिस : हं.

नोरीन : हं काय?

मार्लिस : राग नका मानू हं. बाकी सगळं इतकं छान बांधलंय. त्या एका कपाने तर मीच धास्तावले. पण शेवटी मी काय हे! घाबरायचं नाटक करते आहे. भुवया बघा, कुठे चालल्यात. याच्यापेक्षा बरं काहीच नव्हतं?

ग्रेडी : हेच ठेवायचं ठरलंय.

मार्लिस : असं कसं? कंपनीतले लोक म्हणत होते, तुमच्या सिनेमाची सुरुवात बघून अंगावर काटा येतो. याने येतो? मला तुम्ही काही बोलणार नाही, पण मला कळतं हो. नोरीन, तुम्ही सांगा. खरं सांगा.

नोरीन : आहे. याच्यापेक्षा बरा आहे एक.

ग्रेडी : नोरीन!

नोरीन : तू गप्प बस. तुझ्या गप्प बसण्याने इथवर आलो, आता आणखी थोडा वेळ बस. मार्लिस, आज सकाळपर्यंत तोच होता सिनेमात. मीच निवडला होता, आवाज न ऐकता. तो टेकमधला नाही गं. टेक संपल्यावरचा आहे. ग्रेडी स्वयंपाकघरात आला, तेव्हाचा. कॅमेरा बंद झाला नव्हता.

मार्लिस : ग्रेडी स्वयंपाकघरात कधी... अच्छा.

नोरीन : मला माहीत नव्हतं. पण कळायला हवं होतं. चेहरे वाचते म्हणून मिरवते मी, आणि माणसाचं दुःख समोर असून त्यावर मशीनचा आवाज चिकटवला.

मार्लिस : आणि तुला, ग्रेडी? तुला माहीत होतं?

ग्रेडी : हो.

मार्लिस : किती वेळा बघितलास?

ग्रेडी : रोज. मोजलं नाही.

मार्लिस : म्हणून फोन घेत नव्हतास.

ग्रेडी : तुझं नाव दिसलं, की हातच उचलायचा नाही. रोज ठरवायचो, आज सांगतो. मग वाटायचं, तिला कुठे कळणार आहे? तिथवर घसरलो मी. सॉरी, मार्लिस. हा शब्द किती फालतू आहे, ते कळतंय मला.

मार्लिस : आणि मी इतके दिवस आरशासमोर उभी राहून विचार करत होते, की मला अभिनय येत नाही. बाबा गेले आणि कामही गेलं, असं आईला फोनवर सांगून रडले मी.

ग्रेडी : तो तुकडा कुठेही वापरणार नाही. सिनेमा पडला तरी चालेल.

मार्लिस : उपकार केल्यासारखं नको बोलूस. दाखवा मला.

नोरीन : नको गं पोरी.

मार्लिस : तुम्ही दोघांनी बघितलाय. कंपनीच्या लोकांनी बघितलाय. माझाच आहे तो, मी नको बघायला?

नोरीन : आवाज नाही लावणार.

मार्लिस : नको.

(पडद्यावर मुका तुकडा चालतो.)

मार्लिस : मला वाटायचं, मी किंचाळले होते.

ग्रेडी : नाही. तू हातातल्या फडक्याची घडी घालत राहिलीस.

मार्लिस : लोक काय करतात इथे?

नोरीन : श्वास धरून बसतात.

मार्लिस : त्यांना वाटतं, मी मशीनला घाबरले.

नोरीन : हो.

मार्लिस : आईला नसतं वाटलं. माझ्या शेजारी बसली असती आणि बघता क्षणी ओळखलं असतं तिने. आख्ख्या थिएटरात तिला एकटीला. आणि तिचा हात माझ्या हातात असता. काढा तो, नोरीन. परत घालू नका.

नोरीन : काढलाय. आता कायमचा पुसते, तुझ्यासमोर.

ग्रेडी : कंपनीला मी सांगतो. आजच. काय झालं तेही सांगतो.

मार्लिस : माझ्या बाबांचं नाव न घेता सांग. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण त्यांच्या मीटिंगमध्ये माझे बाबा नकोत.

ग्रेडी : बरं.

मार्लिस : आणि तो भुवयांचा टेकच ठेवा. पडलाच सिनेमा तर माझ्या भुवयांनी पडेल. आता श्वास देऊया, चला. नाही, थांबा. पुसायच्या आधी एकदा मागे न्या ना. अगदी सुरुवातीला. मी दाराकडे बघते तिथे.

नोरीन : हे सिनेमात नव्हतं. मी इथून पुढचं घेतलं होतं.

मार्लिस : हसतेय मी.

नोरीन : हो. ते हसू कापलं होतं मी. प्रसंगात बसत नव्हतं.

मार्लिस : ग्रेडी, तू दारात आलास ना, तेव्हा मला वाटलं, टेक मस्त झाला म्हणून सांगायला आलास. बघ कशी खूश आहे. मला अजून काहीच माहीत नाहीये.

नोरीन : मार्लिस, पुसू ना?

मार्लिस : पुसा. पण पुढे नका नेऊ. जरा वेळ इथेच राहू द्या.