चुकलेले महिने

माजं माहेर लांज्याच्या आत, डोंगराला लागून आठ-दहा घरांची वाडी, आमी चार बहिणी, त्यातली मी तिसरी, नाव सुनंदा. बापूस भात लावायचा नि उन्हाळ्यात दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला जायचा. सातवीपर्यंत शिकले, मग आयेनं सांगितलान, बस झालं. अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन इकडे रत्नागिरीजवळ आले. नवरा मुंबईला कँटीनमध्ये, गणपतीला यायचा नि शिमग्याला यायचा, एरवी घरात मी नि सासू, दोघीच. सासू बोलायला कमी. माणूस वाईट नाय हां, पण कमी.

दुसऱ्या वर्षी गावातल्या बायकांबरोबर मिरकरवाड्याला, बंदरावर, कोळंबी सोलायला लागले. सकाळी टेंपो फाट्यावरनं भरून न्यायचा. काय सांगू तुमाला, लांबून ते काम सोपं दिसतं, डोकं काढा, साल काढा, घमेल्यात टाका, पण कोळंबी बर्फातली, नि उभ्यानं सात-आठ तास. बोटं आधी दुखतात, मग जळतात, मग आपली वाटतच नाहीत. पायाखाली पाणी, गारठा कमरेपर्यंत चढायचा. त्यात पाळी आली की बघायलाच नको. माजं पोट पहिल्यापासून दुखायचं, पण तिथं असं दुखायचं की टेबल धरून उभी राहायचे. घरी असते तर चार दिवस बाहेर बसले असते, तेवढीच पाठ टेकली असती. कामावर कोण विचारतं, मुकादम पुरुष माणूस, त्याला काय सांगणार.

आमच्यात एक सुंदरमावशी होती, पन्नाशीची, पंधरा वर्षं तेच काम करत आलेली. तिनं मला बघितलान नि शेडच्या मागं नेलान. थंड्याच्या बाटलीत दारू होती, गावठी. म्हणाली घे एक घोट, पोट सैल पडेल, आमी सगळ्या घेतो, त्याशिवाय हा बर्फ सोसत नाय. तिला मी आजही वाईट म्हणणार नाय, तिला जे ठाऊक होतं ते तिनं दिलान. घशात आग लागली, पण थोड्या वेळानं खरंच बरं वाटलं, हाताला ऊब आली, दुपार निघाली. मग दर महिन्याला ते दोन-तीन दिवस, मग गारठा जास्ती असेल त्या दिवशी, मग रोज. रोज कधी झालं ते मला सांगता यायचं नाय, खरंच नाय. घोटाचा पेला झाला, नि घरी जाताना एक बाटली पिशवीत तळाला, नि तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप खायची.

वरीस-दीड वरीस गेलं. पाळी आधी आठ दिवस पुढं जायला लागली, मग पंधरा, नि यायची तेव्हा इतकी अंगावरून जायची की उठताना डोळ्यांपुढं अंधारी. मी म्हटलं बर्फामुळं असेल. सुंदरमावशी म्हणाली घेतेस ना, मग कशाला घाबरतेस.

त्या साली गणपतीला नवरा येऊन गेला नि त्यानंतर पाळी आलीच नाय. एक महिना चुकला, दुसरा चुकला. सासूनं दिवस मोजलान. जी बाई दिवसाला चार शब्द बोलायची ती शेजारी जाऊन सांगून आली, मला उकड्या तांदळाची पेज करून घालायला लागली, जड हंडा उचलू देईना. नवऱ्याला फोन केलान, त्यानं कँटीनमध्ये सगळ्यांना पेढे वाटलान म्हणे. आणि मी तशीच कामावर जात होते नि तशीच पीत होते, हे तुमाला सांगते कारण लपवून आता काय करायचं हाय.

तिसरा महिना सरताना सासू मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती. लघवी तपासलीन, पोट तपासलान, नि म्हणाली, दिवस गेलेले नाहीत. सासू म्हणाली, परत बघा. तिनं परत बघितलान. मग मला विचारलान, मिसरी लावतेस? तंबाखू? दारू? सासू बाजूलाच बसलेली. मी म्हटलं नाय.

आठ दिवसांनी कामाला खाडा केला नि एकटी गेले. म्हटलं बाई, मी खोटं बोलले, पिते मी, रोज. ती रागावली नाय. म्हणाली, पाळी वेळेवर यायला डोक्यातनं बीजकोशाला निरोप जावा लागतो, रोजच्या दारूनं तो निरोप बिघडतो, बीज वेळेवर सुटत नाय, मग पाळी लांबते, कधी बंद पडते, कधी आली की जास्ती जाते. सगळ्या बायकांचं असंच होतं असं नाय, तुझ्या अंगात रक्त नाय, वजन नाय, तेही कारण असेल, पण दारू सुटल्याशिवाय कळायचं नाय. आणि म्हणाली, सोडताना हात कापायला लागले, घाम फुटला, भास झाले तर घरी बसू नकोस, इकडे ये.

त्या दिवशी बाटलीला हात लावला नाय, नि दुसऱ्याच दिवशी हात कापायला लागले. चुलीपुढं बसले होते, कप धरवेना, चहा सांडला. सासू बघत होती. मी म्हटलं ताप हाय. ती म्हणाली, ताप नाय तो. माजा घोव, तुझा सासरा, वीस वर्षं प्यायला, मला वास कळत नाय होय? वरीसभर कळतंय मला. मी म्हटलं मग बोललात का नाय. तर म्हणाली, काय बोलू, तुझ्या कामावर घर चालतंय, मीच तुला पाठवलंय. नि रडली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं. त्याच पावली उठली नि मला दवाखान्यात घेऊन गेली, पाच दिवस ठेवलं मला तिथं, ती खाटेखाली गोधडी टाकून झोपायची.

दारू सोडली. सोपं नाय गेलं, एकदा मोडलं, परत सोडली. तिसऱ्या महिन्याला पाळी आली, साधी, चार दिवसांची. सासूला सांगितलं तर ती उठून देवापुढं दिवा लावून आली.

शिमग्याला नवरा आला, त्याला मीच सांगितलं. स्वतः पिऊन बसला होता, तरी म्हणाला, बाईमाणूस असून? वर म्हणाला, मला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पुढं यायचा कमी झाला, मग कळलं तिकडं दुसरी केलीन. मूल काय मला झालं नाय. दारूमुळं नाय झालं की तो माज्यापाशी नाय राहिला म्हणून, ते डॉक्टरीणबाईलाही सांगता आलं नसतं, मीही विचारलं नाय.

गेल्या वर्षी सासू एकटीच ग्रामपंचायतीत गेली नि घराला माजं नाव लावून आली. तिच्या मुलानं फोनवर आरडाओरडा केलान. ती म्हणाली, माजी पोरगी हाय ती, नि फोन ठेवलान. आता तिला डोळ्यांनी दिसत नाय, मी भात कालवून ताट हातात देते. काम तेच करते, थकले मी, पण दुसरं येतंय काय. चला, तुमी चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, नि तुमच्या लेकीबाळींना देव धडधाकट ठेवो.