गंगव्वाच्या गुडघ्यातली चरबी

आपलं दुखणं डॉक्टरांना सांगण्याइतकं खरं आहे का, या शंकेपायी किडकिडीत मल्हारराव दोनदा नंबर सोडून दवाखान्याच्या बाकावरच बसले होते. तेवढ्यात आतून काडीसारखी गंगव्वा लंगडत, पण हसत बाहेर आली आणि नवऱ्यावर, नागाप्पावर, ओरडली.

"अहो, घावली! माझ्या गुडघ्यात चरबी घावली!"

"तुझ्यात? अंगावर मूठभर मांस न्हाय तुझ्या."

"वाटीखाली चरबीची गादी असती म्हणं, बारक्या माणसालाबी. झीज हायच, त्यात ती गादी सुजलीया."

"फोटोत दिसलं?"

"डॉक्टरांनी बोट ठेवून दावलं की! आता म्हणा, गुडघं जाड्यांचं दुखत्यात, ही सोंगं करती."

"माझी आई म्हणायची तसं."

"आणि वाडीला देवदर्शनाला जाताना दुखत न्हाय, म्हशीखाली बसतानाच दुखतंय, हे कोण म्हणलं?"

"बरं, चुकलं. मग धारा कोण काढणार?"

"ज्याचा गुडघा धड हाय, त्यो!"

"हळू बोल. पावणं ऐकत्यात."

"ऐकू देत की! काय हो पावणं, तुमचाबी गुडघाच न्हवं?"

"हो," मल्हारराव म्हणाले, "फार दुखतो."

आणि नंबर पुकारायच्या आधीच ते उठून दाराशी गेले.