दुसरी सही

हॅलो?... हो ताई, मीच. ह्यांचा फोन माझ्याकडे आहे... नाही, बोलता येणार नाही, आयसीयूत आहेत... अहो, ऐका ना, आधी रडणं थांबवा.

छातीतलं दुखणं थांबलं. हो, थांबलं! गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तासाभरात थांबलं... तेच तर सांगतेय, आता पोटात रक्त साठलंय. सोनोग्राफीत दिसलं...

सही कुणी केली म्हणजे? मी केली! दुसरं होतं कोण इथे?... विचारायचं? कुणाला? तुमचा भाऊ माझ्यासमोर घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. फोन लावत बसू?... हो, सांगितलं होतं की! क्वचित कुणाला आतून रक्तस्राव होतो, सगळं सांगितलं. ऐकून, समजून सही केली. वेळ आली तर पुन्हा करीन.

नाही. तुम्ही येईपर्यंत थांबणार नाही. ऑपरेशनचा कागद हातात आहे माझ्या... तुमचे हे औषधांच्या दुकानात बसतात, म्हणून काही सर्जन होत नाहीत!

...काय? कुठे पडले?... थांबा, थांबा. कधी?... मागच्या सोमवारी? शिडीवरून?... चपलांच्या दुकानाचा बोर्ड रंगवताना... डावी बाजू आपटली... आणि "हिला सांगू नकोस" म्हणाले, म्हणून तुम्हीही गप्प.

ताई, ते इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं होतं. हल्ली कुठे पडले का, मार लागला का? मी छातीठोकपणे नाही म्हणाले. दोन्ही वेळा...

अहो डॉक्टर! डॉक्टर! हे आठ दिवसांपूर्वी शिडीवरून पडलेत... डावीकडे, बरगड्यांखाली... मला आत्ता कळतंय, ह्यांच्या बहिणीकडून... प्लीहा? तिथूनच रक्त येतंय?... हं... हं. काढावी लागली तर काढा. पेन द्या इकडे... झाली सही. न्या त्यांना.

हॅलो... आहे मी, आहे. हो, चिडलेय! तुमच्यावर चिडलेय, त्यांच्यावर त्याहून जास्त. शुद्धीवर येऊ देत, मग बघते एकेकाला... नाही हो, माफी नकोय मला आत्ता. अजून रक्त लागणार म्हणतायत. तुमचा नि ह्यांचा गट एकच ना?... मग निघा. मला जाब विचारायचा तो रक्त देऊन झाल्यावर विचारा... हो, तिथेच खाटेवर पडल्या पडल्या विचारा. ठेवते.