यादीतलं घर

लोइस : बाबा! बाबा, डोळे उघड!

अँब्रोज : ओरडतेस कशाला? मौन चाललंय.

लोइस : कसलं मौन? दीड वाजला. सुपावर साय धरलीय. खिडकीतून बघते तर दोघं माना खाली घालून बसलेले. धावतच आत आले.

अँब्रोज : जेवणाआधीचं मौन. आपल्या क्वेकर पंथाची पाहुणी घरात असताना मौनाच्या प्रार्थनेशिवाय चमचा उचलायचा? हेस्टर, ही माझी मुलगी, लोइस. लोइस, या हेस्टर. न्यूझीलंडहून आल्यात, आपल्या सभांना भेटी देत. परवापासून आपल्याकडे आहेत.

हेस्टर : बरं झालं आलीस, लोइस. मला फार भूक लागलीय.

लोइस : किती वेळ बसलात असे?

हेस्टर : साडेबाराला वाडगे भरले होते.

लोइस : तासभर! आणि तुम्ही काही बोलला नाहीत?

हेस्टर : मी पाहुणी. यजमानाच्या आधी पाहुण्यानं डोळे उघडू नयेत. आमच्या वांगानुईत तरी हीच रीत. मला वाटलं, यांच्या आत काहीतरी मोठं चाललंय. मध्ये कशी बोलू?

अँब्रोज : आणि मला वाटलं, हेस्टरच्या आत चाललंय.

लोइस : घर तुझं, बाबा. मौन तू संपवायचं.

अँब्रोज : ते तुझी आई संपवायची, म्युरिएल. टेबलाखालून माझा हात दाबायची, की मी डोळे उघडायचो. एकेचाळीस वर्षं. आज मी वाट बघत बसलो.

लोइस : आणि सूप गार झालं.

अँब्रोज : तशी बघू नकोस. सूप परत तापवता येतं.

लोइस : मी या पाहुण्यांचंच बोलायला आलेय. आपल्या सभेची एनिड आज यादी नव्यानं लिहितेय, पाहुणे उतरवणाऱ्या घरांची. तिला म्हटलं, आमचं नाव खोड.

अँब्रोज : मला न विचारता?

लोइस : तीनपर्यंत थांबते म्हणाली. विचारायलाच आलेय.

अँब्रोज : मग ऐक आणि जा. नाव राहणार. तू जन्मायच्या आधीपासून हे घर त्या यादीत आहे. आपल्या या ह्युऑनच्या खोऱ्यात आलेला एकही क्वेकर या दारातून परत गेलेला नाही. एका वर्षी अकरा जण होते! दोघं सफरचंदांच्या कोठारात झोपले, आणि सकाळी म्हणाले, अशी झोप कुठं लागली नव्हती. केनियातले लोक आपल्या घराची चौकशी करतात, केनियातले. आणि तू खोड म्हणतेस.

लोइस : ते घर आई चालवायची. तिला जाऊन सात महिने झाले.

अँब्रोज : मी चालवतोय. विचार हेस्टरला.

लोइस : विचारतेच. हेस्टर, तुम्हीच सांगा. तोंडदेखलं नको.

हेस्टर : तोंडदेखलं बोलायला आपल्याला शिकवलंय कुणी? पण अँब्रोज, ऐकवेल ना?

अँब्रोज : बोला. मी काय साखरेचा आहे?

हेस्टर : टॉवेल ओला होता. उशीला अभ्रा नाही. पहिल्या दिवशी चहात मीठ होतं. मी प्यायले.

अँब्रोज : दोन्ही डबे सारखे आहेत.

हेस्टर : हे सगळं चालतं. मी गोठ्यातही झोपलेय. पण दोन दिवसांत तुम्ही मला एक कपसुद्धा विसळू दिला नाहीत. ताट उचलायला गेले की तुम्ही धावत येता. काल केरसुणी हातातून काढून घेतलीत. बसून बसून माझं अंग आंबलंय.

अँब्रोज : पाहुण्याला राबवू? माझ्या घरात?

हेस्टर : चौदा वर्षांपूर्वी मी इथं एक रात्र राहिले होते.

अँब्रोज : आठवतंय. निळा कोट होता तुमचा.

हेस्टर : मग हे नसेल आठवत. दारातून आत आले, पिशवी अजून खांद्यावर. म्युरिएलनं मटारची टोपली हातात दिली. म्हणाली, 'एवढे सोल, मग ओळख करून घेऊ.' सोलता सोलता मला वाटलं, पोचले घरी.

अँब्रोज : हे मला ठाऊक नाही. मी बागेत असायचो. आत यायचो तेव्हा टेबल मांडलेलं असायचं. मला वाटायचं, सगळं ती एकटी करते.

लोइस : आई? गेल्या वीस वर्षांत मी आईला पाहुण्यांची भांडी घासताना पाहिलं नाही. ॲडलेडचे ते प्राध्यापक घासायचे. शिट्टी वाजवत.

अँब्रोज : ही बाई! आणि मी तिचे पाय चेपायचो.

लोइस : चेपून घ्यायची, सांगायची नाही.

हेस्टर : म्हणून एनिडला खरं सांगायचं तर, घर यादीत शोभेल. पण अशा पाहुणचाराला मी दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. इथं नुसतं बसावं लागतं. परकं वाटतं.

अँब्रोज : परकं. या घरात.

हेस्टर : हो.

अँब्रोज : ...कुणाला काम सांगायचं म्हणजे आपल्याला झेपत नाही असं कबूल करायचं. ते मला कधी जमलं नाही. लोइसला विचारा.

लोइस : मला विचारायची गरजच नाही. सगळं खोरं सांगेल.

अँब्रोज : गुरुवारी पर्थहून एक जोडपं येतंय. लहान खोलीत दोघं मावायचे नाहीत. त्यांना आमची मोठी खोली द्यायला हवी; तोवर हेस्टर पुढच्या सभेला गेलेल्या असतील, मी लहानीत जाईन. पण तिथल्या कपाटात म्युरिएलचे कपडे आहेत.

लोइस : बाबा, मी तीनदा म्हटलं होतं, आवरू या. तीनदा तू मला घालवून दिलंस.

अँब्रोज : दिलं. लोइस, सूप तापव आणि तुझ्यासाठी वाडगा घे. मग एनिडला फोन कर. नाव राहू दे म्हणावं. आणि सांग, या घरी येणाऱ्याला काम पडतं, ज्याला पटेल त्यानं यावं.

लोइस : असंच सांगू? याच शब्दांत?

अँब्रोज : याच. हेस्टर, जेवण झालं की ते कपडे काढायला मला मदत कराल? मला एकट्याला होत नाही.

हेस्टर : करीन. कुठून सुरुवात करायची?

अँब्रोज : कपाटाचं दार जरा वर उचलून ओढावं लागतं, नाहीतर अडतं. तेवढं मी उघडून देतो.