निंबावरची पास आणि आमची शकुन

पोलीस ठाणे वरूड, दि. १२ मार्च १९६२

मी महादेवराव सखाराम खेरडे, वय ६४, धंदा संत्र्याचा बगीचा, राहणार वरूड, समक्ष हजर होऊन सांगतो की,

माझी भाची शकुन, वय २९, विधवा, बाळापूरकडच्या एका मठात पाच वर्षे होती. दिवाळीनंतर ती एकटी मोटारीने माझ्या घरी आली. तिथे काय झाले ते आम्ही विचारले नाही. मठवाले म्हणतात, मी त्यांची दासी पळवली व घंटाही चोरली. शकुनला परत न्यायला ते टपले आहेत.

घंटेचे खरे असे. मठात घंटा झाल्याशिवाय उठायचे नाही, जेवायचे नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी शकुन ताटावर नुसती बसून राहिली. भाकर निवली. माझी बायको पार्बताबाई म्हणाली, "जेव ना वं माय, कोनाची वाट पाहून राहिली?" ती म्हणाली, "घंटी नाई झाली, मामी." पार्बताबाईने उलथन्याने परात बडवली, तेव्हा घास उचलला.

परातीला पोचे पडले, म्हणून मी वखराची जुनी लोखंडी पास, म्हणजे त्याचे पाते, निंबाला टांगली. शेजारचे वामनराव विचारत, "काहो, शाळा उघडली काय?"

मग पार्बताबाई लबाडीने आधी वाढू लागली, पास मागून वाजवू लागली. एक दिवस ताटात मिरचीचा ठेचा होता. शकुनने घंटेआधीच बोट लावून चाटले. आम्ही दोघे चुलीकडे पाहत बसलो. आता ती मामीच्या वांग्याच्या भाजीला नावे ठेवते, म्हणजे प्रकृती ठीक आहे.

हल्ली पास तीच वाजवते, मला बगीच्यातून जेवायला बोलवायला. परवा मठाचा माणूस तो आवाज ऐकून आत आला. म्हणाला, "हे आमची घंटी. चाल, दासी." शकुन म्हणाली, "माहं नाव शकुन हाय. जेवाचं असन तं हात धुवा, नाई तं रस्ता धरा." तो पोटभर जेवला. मग त्याने तक्रार केली.

पास सोबत आणली होती, ती जमादारसाहेब आपण पाहिली. वखराची आहे, हे कोणीही सांगेल. शकुनही सोबत आली होती; तिला आपण माझ्यासमोर विचारले, "कुठं जायाचं तुले?" ती म्हणाली, "घरी. चुलीवर डाळ हाय." आपण म्हणाला, "मंग जा लवकर, करपन."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही चष्मा लावून पाहिला. सांगितला तसाच उतरला आहे. पास परत मिळाली.

सही: महादेवराव स. खेरडे