साठीच्या आतली तिसरी गोष्ट

हसू नका, पण साठी लागायच्या आत मला तीन गोष्टी करून घ्यायच्या होत्या. आगगाडीत बसायचं, आमच्याकडचा महादेवाचा प्रतापगड चढायचा, आणि तिसरी मी कोणालाच सांगितली नव्हती. बायको विचारायची, "माह्यापासून काऊन लपवून राहिले जी?" मी म्हणायचो, "झाली की सांगीन."

आगगाडी झाली. मग महाशिवरात्रीला आम्ही दोघं प्रतापगडच्या जत्रेला गेलो. गड चढलो, आणि उतरताना गर्दीत चुकामूक झाली. ती घाबरली. दगडावर उभी राहून ओरडली, "अवो, आयकता का!"

तिथले झाडून सगळे नवरे वळले! एक म्हातारी तिला म्हणाली, "अवो बाई, नाव घेऊन बलाव ना!"

आता लग्नाच्या उखाण्यात जे काय घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर उभ्या संसारात हिनं माझं नाव तोंडातून काढलेलं नाही. मग डोळे गच्च मिटून सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओरडली, "डोमाजी! अवो डोमाजी!"

मी हाकेच्याच अंतरावर, मोहाच्या झाडाखाली होतो. पण हललो नाही. तिनं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. शेवटी मी दिसलो, तशी तरातरा आली.

"बहिरे झाले का जी? सारी जत्रा पाहून राहिली माह्याकडं! आयकू नाही आलं?"

"आलं ना," मी म्हणालो. "महादेवाची किरपा. तिसरी गोष्ट झाली."